शनिवारचा पाहुणा

४ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय तुझं. हात थरथरायचा थांबला की माणूस काना-मात्रा जागच्या जागी द्यायला लागतो. आमच्याकडे येणाऱ्यांचे अर्ज वाचून वाचून हे मला पाठ झालंय.

पत्ता कुठून मिळाला ते तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं. तुमच्या उपचार केंद्राच्या जिन्यापाशी फळा आहे. त्यावर एक यादी लावलेली असते: बाहेर पडल्यावर राहायचं कुठे, समुपदेशन कुठे, काम कोण देतं, अडचणीत फोन कुणाला करायचा. ती यादी मीच करते आणि सगळ्या केंद्रांना मीच पाठवते. त्यातल्या आमच्या पुनर्वसन-घराच्या नावापुढे 'प्रमुख' म्हणून माझं नावही मीच टाइप करते. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. नऊ वर्षं तुझ्यापासून लपून राहिले आणि शेवटी तुझ्याच भिंतीवर पत्ता चिकटवून दिला.

तर उत्तर: नाही. मार्चअखेर तुझे उपचार संपतायत, बाहेर पडताना राहण्याचा पत्ता द्यावा लागतो, बाकीच्या घरांसमोर रांगा आहेत आणि आमची एक खोली रिकामी होतेय, हे सगळं मला माहीत आहे. तरी नाही. रांगेत उभा राहा. तुला कधी उभं राहावं लागलं नाही, तेवढीच सवय होईल.

आता एक गंमत सांगते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी तू होते.

आमच्या घरात दारूतून, गोळ्यांतून, मनाच्या दुखण्यातून बाहेर पडलेली माणसं राहतात. पाय रोवेपर्यंत राहायचं, मग स्वतःची खोली घेऊन जायचं. अशा घरांत काम करायला जी नवी माणसं येतात त्यांचं प्रशिक्षण आमच्याच सभागृहात होतं. सकाळी डॉक्टरीणबाई शिकवतात: चिडलेल्या माणसासमोर तिरकं उभं राहायचं, त्याच्या आणि दाराच्या मध्ये यायचं नाही, तळवे दिसू द्यायचे, आवाज खाली, एका वेळी एकच वाक्य, धमकी नाही, दोन पर्याय द्यायचे. बाई हुशार आहेत, मेंदूचं चित्रही छान काढतात. दुपारी खुर्च्या बाजूला सारतात आणि मी आत येते.

मला तिथे 'पाहुणा' म्हणतात. पाहुणा पिऊन आलेला असतो. डाव्या पायाची चप्पल घासत येतो, गुडघ्याने खुर्ची ढकलतो, दोनदा खाकरतो आणि म्हणतो, "माझ्या घरात मला शिकवतेस?" आठवलं ना? मग मी टेबल उलटवते. शिव्या देते, सगळ्या तुझ्याच. मग कमरेचा पट्टा काढते आणि बोलता बोलता हाताभोवती गुंडाळते, सावकाश, एकेक वेढा. उरलेलं टोक भिंतीवर मारते. एकदा एक धट्टाकट्टा गडी, पूर्वी दारावर पहारेकरी होता म्हणे, हमसून रडायला लागला.

सोसेनासं झालं की शिकाऊने हात वर करून "पडदा" म्हणायचं. पडदा म्हटलं की पाहुणा त्या क्षणी संपतो. मी पट्टा सोडते, पाणी पिते, कुणीतरी हसतं, मग मी चुका सांगते. बाईंना वाटतं मी शाळेत नाटकांत काम केलं असणार. पाहुणा कोण, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुला सांगायला हरकत नाही, मला मजा येते. टेबल उलटताना हाताला जे वाटतं ते मला आधी माहीतच नव्हतं. तू का थांबत नव्हतास ते त्या क्षणी थोडं कळतं.

आई बरी आहे. उजवं कोपर वाकडं जुळलं ते तसंच आहे, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. तिला तुझं पत्र दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही.

तुझी बहीण

२० फेब्रुवारी

दादा,

दुसरं पत्रही मिळालं. एका पानात माफीचा शब्द इतक्यांदा आलाय की चिखलातून चालल्यासारखं झालं. पुढच्या वेळी एकदाच लिही.

आज मी तुझ्यासाठी लिहीत नाही. जे झालंय ते बोलायला मला दुसरं माणूस नाही, आणि मारामारीतलं तुला कळतं.

आमच्याकडे एक नवी आहे. सगळे तिला नवीच म्हणतात, वर्ष होत आलं तरी. आधी चष्म्याच्या दुकानात होती. अंगाने चिमणीएवढी, पण सगळ्या तुकडीत हुशार. शनिवारी प्रशिक्षण संपलं की बाकीचे चहाकडे पळायचे आणि ही माझ्याकडे यायची. "ताई, अजून एकदा पाहुणा करा ना. माझी भीती जाईपर्यंत." मी करायचे. ती थरथरत उभी राहायची, सगळं बरोबर म्हणायची, आणि पट्ट्याचा तिसरा वेढा पडला की हात वर करून "पडदा" म्हणायची. मग दोघी हसायचो. असं कितीदा झालं असेल देव जाणे.

आणि एक सुतार आहे. आमच्याकडे राहतो. ऑक्टोबरपासून थेंब घेतला नव्हता. आमच्या चपलांचं कपाट त्यानेच केलं, वर म्हणाला, "ताई, दारू सुटली तेव्हा कळलं, माझ्या फळ्या आजवर वाकड्या का यायच्या." सगळ्यांना हसवणारा माणूस. बुधवारी भर दुपारी कामावरून परतला तो पिऊन.

पिऊन आला म्हणून आम्ही कुणाला हाकलत नाही. नियम साधा आहे: हत्यारं जमा करायची, बाहेरच्या खोलीत बसायचं, उतरली की पुन्हा उपचाराला जायचं. दाराशी नवी एकटी होती. मी स्वयंपाकघरात गॅसची नळी बदलत होते, मला सगळं ऐकू येत होतं. पोरीने एक गोष्ट चुकवली नाही. आवाज खाली. एका वेळी एक वाक्य. "पिशवी माझ्याकडे द्या आणि इथे बसा, नाहीतर पिशवी दाराशी ठेवा आणि अंगणात बसा." तो म्हणाला, "तू कोण मला सांगणारी?" तिने पुन्हा दोन्ही पर्याय दिले. पिशवीत हात घातल्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड. मी नळी टाकून धावले, आणि धावताना मला ऐकू आलं.

ती म्हणाली, "पडदा."

मी दारात पोचले तेव्हा तिचा उजवा हात वर होता आणि खांदे सैल पडले होते. दादा, ती वाट पाहत होती. आता हा हातोडा खाली ठेवेल, पाणी पिईल आणि तिच्या चुका सांगेल म्हणून. चेहऱ्यावर हसूसुद्धा येऊ घातलं होतं. सुताराला त्या शब्दाचं काय कळणार. त्याने तिच्या वर केलेल्या हातावर घाव घातला. हात टेबलावर आदळला, तिथे दुसरा घातला. अक्रोड फुटल्यासारखा आवाज आला आणि मग ती ओरडली. तिसरा घाव टेबलावर बसला, लाकूड उडालं.

मग आम्ही त्याला आवरलं.

तिच्या तीन बोटांचा चुरा झालाय. शस्त्रक्रिया झाली, तारा घातल्यात. वाकतील की नाही सांगता येत नाही म्हणतात. मी तिला एक असा राक्षस दाखवला की जो एका शब्दाने माणूस होतो, आणि तिने तो शब्द मन लावून पाठ केला. तू कुठल्या शब्दाने थांबायचास? आईने सगळे वापरून पाहिले होते. देवाचं नाव, बाबांचं नाव, तुझं लहानपणीचं लाडाचं नाव.

उत्तर लिहायची गरज नाही.

बहीण

२७ फेब्रुवारी

दादा,

उत्तर लिहू नकोस म्हटलं तरी लिहिलंस, आणि तेही एका ओळीचं. "आवरलं म्हणजे काय केलंस?"

बेवड्यापासून काही लपत नाही. आयुष्यभर स्वतःच 'जरा लागलं', 'जरा धक्का बसला' म्हणत आलेला माणूस, त्याला दुसऱ्याचं 'आवरलं' बरोबर ऐकू येतं. घे मग.

दाराशी भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं असतं. ते मी उचललं. चांगलं जड असतं. पहिला फटका खांद्यावर. हाड गेल्याचं मला हाताला कळलं. हातोडा पडला. सुतार गुडघ्यांवर आला आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन म्हणाला, "ताई, बास." तिथे थांबायचं असतं. 'गरजेपुरता जोर, आणि गरज संपली की हात मागे', हे मी शिकवते. मी दुसरा फटका बरगड्यांत घातला. तो आडवा झाल्यावर आणखी घातले. किती ते मला माहीत नाही, जिन्यावर उभ्या असलेल्यांना माहीत आहे. आणि मी बोलत होते. "माझ्या घरात मला शिकवतेस? शिकवतेस मला?" दाढी वाढलेल्या, रक्ताने माखलेल्या बाप्याला मी 'शिकवतेस' म्हणत होते. नवी चिरडलेला हात पोटाशी धरून ओरडत होती, तेही पडदाच. तिला वाटलं निदान मला तरी तो शब्द कळेल. मला ऐकू आला. मी थांबले नाही.

शेवटी दोन रहिवाशांनी मागून धरलं. त्यातल्या एकाला मी चावले.

सुताराच्या दोन बरगड्या आणि खांद्याचं हाड मोडलंय. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी नवीचं विचारलं, मग माझ्याविरुद्ध तक्रार दिली. दोन्ही बरोबरच केलं. मी पोलिसांना सगळं सांगितलं, तुझ्या त्या वाक्यासकट. डॉक्टरीणबाईंनी घराच्या किल्ल्या काढून घेतल्या. म्हणाल्या, "तुम्ही तिला वाचवलंत, त्याबद्दल आभार. त्यानंतर जे केलंत, त्यासाठी तुम्हाला या दारात मी उभं करू शकत नाही." मी म्हटलं, "बरोबर आहे." त्या म्हणाल्या, "बरोबर आहे म्हणू नका, काहीतरी वाटू द्या." मला अजून काही वाटलेलं नाही. हात तेवढे दुखतात.

आता तुझ्याबद्दल. पोलिसांना दाखवायला माझी कागदपत्रं काढताना आईच्या हाती तुझी पत्रं लागली. पहिली दोन्ही वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"कुठे जाणार तो?" म्हणाली. "इथे येईल."

"इथे कुठे? आपल्याकडे?"

"मग काय रस्त्यावर? माझं लेकरू आहे ते."

"आणि हात?"

"हाताचं काय. हात जुना झाला आता."

मी तिला वेडी म्हटलं, आंधळी म्हटलं. तिने काही ऐकलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. उठली आणि गादीची खोळ धुवायला काढली.

म्हणजे आता निवड एवढीच: तू आमच्या घरात येशील, जिथे चार माणसं, नियम आणि डॉक्टर आहेत; किंवा तू आईच्या घरात येशील, जिथे ती आणि मी आहोत. म्हणून मी तुझा अर्ज पुढे केलाय. माझं मन वळलं असं समजू नकोस. तू त्या स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल ठेवू नयेस म्हणून केलाय.

आमच्याकडे प्रत्येक रहिवाशाला एक साथी असतो, त्याचं सगळं बघणारा. त्या साथीने नको म्हटलं की नको. कारण विचारायचं नाही, असा नियम मीच करून घेतलाय. मी तुझी बहीण, आणि आता कामावरही नाही, म्हणून मला त्यात तोंड घालता येणार नाही. तुझी साथी नवी असेल. तिने स्वतः मागून घेतलंय. प्लास्टरमधला हात घेऊन ती कामावर परत येतेय. 'घरी बसले तर पुन्हा दार ओलांडणार नाही,' म्हणाली.

२० मार्चला दुपारी भेटीला ये. दाराशी पट्टा, चाकू, काय असेल ते जमा करावं लागतं. खरं बोल. कमी बोल. माझं नाव काढू नकोस.

बहीण

२१ मार्च

दादा,

काल तुला पाहिलं. तू मला पाहिलं नाहीस. मला घरात जायची परवानगी नाही, म्हणून मी समोरच्या लाँड्रीत बसले होते, काचेमागे, दुसऱ्याच्या चादरींच्या ढिगाशेजारी. तुझे केस पांढरे झालेत. गाल बसलेत. मी ठरवून ठेवलं होतं की तुला पाहिल्यावर मला राग येईल. तू दाराबाहेर उभा राहून शर्टाची बटणं तपासत होतास, आणि राग यायला जरा उशीर झाला.

पुढचं तुला अर्धंच कळलं असेल. मी सगळं सांगते.

तू आत गेलास. दार उघडंच होतं, मला दिसत होतं. टेबलामागे नवी होती. तिने नियमाप्रमाणे पट्टा मागितला. तू कमरेचा पट्टा काढलास आणि तिच्यासमोर उभा राहून हाताभोवती गुंडाळायला लागलास. सावकाश, एकेक वेढा, नीट.

आता मला कळलंय की तुमच्या केंद्रात पट्टा तसाच जमा करतात, गुंडाळी करून, म्हणजे खणात मावतो. तू नुसता शहाण्यासारखा वागत होतास. पण नवीने काय पाहिलं? डावी चप्पल घासत आलेला, दोनदा खाकरलेला माणूस, हाताभोवती पट्टा गुंडाळणारा. तिसऱ्या वेढ्याला ती टेबलाखाली गेली. प्लास्टरचा हात डोक्यावर धरून तिथेच ओकली. तू हातात पट्टा घेऊन तसाच उभा राहिलास. मग पट्टा जमिनीवर ठेवलास, उलट्या पावलांनी बाहेर आलास आणि पायरीवर बसलास, दारापासून लांब, हात गुडघ्यांवर, तळवे वर. हे तुला कुणी शिकवलं माहीत नाही. चांगलं शिकवलंय.

डॉक्टरीणबाईंनी नवीला पाणी पाजलं. ती एवढंच म्हणाली, "हा पाहुणा आहे." बाईंना वाटलं, ताप चढलाय. मग त्यांनी तुला पायरीवरून उठून गेटपर्यंत चालताना पाहिलं. तुझी चप्पल ऐकली. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"पाहुणा कोण आहे?"

"माझा भाऊ."

त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही माझ्या वर्गात तुमच्या भावाला आणून उभं करत होतात. शहरातला प्रत्येक शिकाऊ त्याला घाबरायला शिकून गेलाय. आता तो कुठल्याही घराचं दार वाजवू दे, आतलं माणूस त्याला ओळखेल."

हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. मला वाटायचं, मी फक्त तुझा सूड घेतेय, आणि तोही तुझ्या नकळत.

नवीने नको म्हटलंय. तिचं नको म्हणजे नको. तेव्हा तू आईकडे येशील. गादीला उन्हं दाखवून झालीत, तुझ्यासाठी नवा टॉवेल आणलाय. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, फक्त त्यात आई पडणार आहे. तू आल्यावर मी उशाशी सुरी घेऊन झोपेन. ही धमकी नाही, आधी सांगून ठेवतेय. पूर्वी मी मार खाणारी होते. आता मी काय करू शकते ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. तू नुसतं खाकरलास तरी कदाचित मी थांबणार नाही.

एक गोष्ट कालपासून खुपतेय. ती इथे लिहीत नाही.

बहीण

२६ मार्च

दादा,

पट्टा बाबांचा होता.

हे तुला सांगायची गरज नाही, तुझी पाठ अजून सांगत असेल. हे मला स्वतःला सांगायचं होतं. तू टेबलं उलटलीस, शिव्या दिल्यास, लाथा घातल्यास. पट्टा तू कधीच उचलला नाहीस. एकेक वेढा द्यायचे ते बाबा. आणि तिसरा वेढा पडला की तू माझ्यापुढे येऊन उभा राहायचास. मी तुझ्या सदऱ्यात तोंड खुपसून उभी असायचे आणि प्रत्येक फटका मला तुझ्या अंगातून कळायचा. बाबा गेल्यावर तू प्यायला लागलास आणि तूच आमचा बाबा झालास, ते खरंच आहे. पण सभागृहात पाहुणा रंगवताना मला दोन माणसं वेगळी ठेवावीशी वाटली नाहीत. लोकांना सगळ्यात जास्त धडकी पट्ट्याची भरते हे दिसलं, म्हणून तो तुझ्या हातात दिला. मेलेल्या माणसावर रागावून काय मिळतं? तू जिवंत होतास.

मी नवीच्या खोलीवर गेले. दार साखळीएवढंच उघडलं. मी हे सगळं त्या फटीतून सांगितलं. शेजारीण कपडे वाळत घालत होती, तिनेही ऐकलं.

नवी म्हणाली, "म्हणजे तो चांगला आहे असं सांगायला आलात?"

"नाही."

"मग त्याने काय केलंय ते सांगा. खरं तेवढंच. नाटक नको, आवाज नको."

मी सांगितलं. माझे समोरचे दोन दात. उकळत्या पाण्याचं पातेलं, जे माझ्यावर न पडता शेजारी पडलं. मग आईचं कोपर. हे मी पाहुण्याला कधी करू दिलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती, तुला बाटली घ्यायला आत येऊ देत नव्हती. तू तिचा हात चौकटीत धरलास आणि दार लोटलंस. आणि मग दारावर रेललास. तू ओरडत नव्हतास. पाहुण्यासारखं तुझ्या तोंडून काहीच येत नव्हतं. तुझा चेहरा, दारावर रेलून कुणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसासारखा होता. आत आईचं हाड मोडत होतं आणि तू कंटाळलेला दिसत होतास. मला वाटतं म्हणूनच मी त्याऐवजी पट्टा दाखवत राहिले. पट्ट्याला आवाज तरी असतो.

नवीने साखळी काढली, पण मला आत बोलावलं नाही.

"मला इतके महिने नको तो माणूस शिकवलात, ताई," म्हणाली. "आरडाओरडा करणाऱ्याला मी तयार होते. हा गप्प होतो, हे मला आधी माहीत असायला हवं होतं."

"हो."

"येऊ दे त्याला. गप्प झाला की मला कळेल. पण स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढून ठेवायचं, तो आहे तोवर. दार नसलं तरी स्वयंपाक होतो."

तेव्हा खोली तुझी. डॉक्टरीणबाईंचं पत्र निघालंय. शनिवारी सकाळी ये. दार नवी उघडेल. तिच्यासमोर पट्टा गुंडाळू नकोस, नुसता टेबलावर ठेव. तिने काही विचारलं आणि तुला गप्प बसावंसं वाटलं, तर 'मी गप्प बसतोय' एवढं तरी बोल. हे प्रशिक्षणात नाही, माझं म्हणून सांगते.

पाहुणा बंद झालाय. सरावाला आता खोटा दारुडा दुसरं कुणी करेल, आणि थांबवायला शिट्टी, ती बाईंच्या गळ्यात. शिकाऊच्या तोंडात थांबवायचा शब्दच द्यायचा नाही असं ठरलं. माझा खटला उभा राहील. सुताराची भेट मागितली होती, त्याने नाही म्हटलं. मी पुन्हा विचारणार नाही. मंगळवारपासून मी एका समुपदेशकाकडे जाते. आपल्या त्याच यादीतला पत्ता. बाहेरच्या बाकावर बसून नंबर येण्याची वाट बघते, तू बघतोस तशी.

मी तुला माफ केलेलं नाही. ते होईल असंही वाटत नाही. पण तुझ्या अंगावर जे तुझं नव्हतं ते मी उतरवून ठेवलंय, आणि जे तुझं आहे ते एक अक्षर कमी केलेलं नाही.

शेवटचं आईबद्दल. काल घरी येऊन तिला सांगितलं की तू तिकडेच राहणार, इकडे येणार नाहीस. मला वाटलं रडेल, भांडेल. "बरं झालं," म्हणाली आणि भांडी घासत राहिली. मी वाळलेल्या चादरी ठेवायला तिच्या खोलीत गेले. दार लोटलं तर आतल्या बाजूला नवी कोरी कडी. लाकडाचा भुसा अजून खाली पडलेला. कडी चांगलीच खाली, माझ्या कमरेच्या जेमतेम वर.

"ही कधी लावलीस?" मी विचारलं.

"गादीची खोळ धुतली त्याच दिवशी. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला येऊन लावून गेला."

"आणि इतकी खाली?"

ती हात पुसत आली. "घाईत उजवाच हात पुढे जातो गं. तो वर पोचत नाही."

"लेकरू म्हणत होतीस ना?"

"लेकरूच आहे. म्हणून तर ये म्हणत होते." मग ती पलंगावर बसली, आणि दादा, नऊ वर्षांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. सगळं अंग सोडून. "ही त्याच्या-माझ्या मध्ये असावी म्हणून होती. त्याला सांगू नकोस. वाईट वाटेल त्याला."

मी सांगतेय. वाटू दे वाईट.

तुझी बहीण